उपचार लिहिण्याआधी म्हाताऱ्यांना विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी आचऱ्याची, वय 73, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. ग्रामदैवताचा कौल झाला की सगळा गाव काही दिवस रिकामा करायचा, ही आमच्याकडची गावपळण. मागच्या गावपळणीला आमची सगळी वाडी गुराढोरांसह वेशीबाहेर गेली, तीन दिवस तीन रात्री खोपीत राहिली. मला मात्र कणकवलीला भाचीच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवलं, कारण भुईवरून मला उठता येत नव्हतं. लग्न होऊन या गावात आल्यापासून चुकलेली ही पहिलीच गावपळण. त्या पलंगावर मला झोप लागली नाही.

त्याआधी वर्षभर हे हळूहळू होत आलं होतं. एसटीची पायरी उंच वाटू लागली. नारळ सोलताना सुळ्यावर जोर पडेना. लोणच्याच्या बरणीचं झाकण सुनेकडे जाऊ लागलं. वय झालं, असं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, मीही नाही. मग तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं की याला सार्कोपेनिया म्हणतात, वयामुळे स्नायू झडतात आणि त्यांची ताकद जाते. निदान बरोबर होतं, त्याबद्दल त्यांचे आभारच मानते. पण पाच मिनिटांत हातात पडलं ते असं: प्रोटीन पावडरचा डबा, पनीर-ओट्सचा छापील तक्ता, आणि “आजी, यापुढे खाली बसायचं नाही.” त्याच आठवड्यात माझा पाट आणि आडाळी (खाली बसून चिरायची विळी) माळ्यावर गेली. मला काय हवं आहे, हे ना त्यांनी विचारलं, ना घरच्यांनी.

ते विचारलं ओरोसच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने. “काकी, तुमका काय करूक व्हया?” मी म्हटलं, “माका फुडल्या गावपळणीक खोपीत रवाचा आसा. रात्री उठताना कोणाक हाक मारूची नाय.” तिने ते जसंच्या तसं केसपेपरवर लिहिलं आणि मग तपासणीला लागली. मुठीची ताकद 14 किलो भरली, आशियाई निकषांप्रमाणे बाईची 18 च्या खाली गेली तर ती कमी समजतात. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला मला 17 सेकंद लागले, तिथे 12 पासूनच धोक्याची खूण धरतात.

या दुखण्यावर खास मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. खरा उपाय म्हणजे वजनाचा, जोर लावून करायचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं. बॉस्टनमध्ये नव्वदीच्या दहा माणसांकडून आठ आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली, हे 1990 मध्येच छापून आलं आहे. पण आठवड्यातून दोनदा कणकवलीला गाडी बदलून ओरोसला जाणं माझ्याच्याने होणार नव्हतं. तसं सांगितल्यावर तिने घरचा व्यायाम बसवून दिला: खुर्चीवरून ऊठबस, खिडकीच्या गजाला धरून टाचा उचलणं, पिशवीत तांदूळ भरून उचलणं आणि दर पंधरवड्याला त्यात थोडे वाढवणं. मग आधी उंच पाट, नंतर बुटका पाट, शेवटी चटई.

जेवणाचंही तसंच. माझं वजन 48 किलो, म्हणजे दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच हे प्रमाण ठरवावं. पनीर मला तीन दिवसांवर गेलं नाही. शंभर ग्रॅम बांगड्यात जवळपास 20 ग्रॅम प्रथिनं असतात, ती मी आनंदाने खाते. सोमवारी मासे नाहीत, तेव्हा कुळथाची पिठी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. जून-जुलैत मासेमारी बंद, आणि सुकटीचं मीठ माझ्या रक्तदाबाला चालत नाही, म्हणून तेव्हा अंडी. सकाळच्या नुसत्या पेजेवर भागत नाही, हे मला बाहत्तर वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यांना माझ्यासारखंच हवं असेल असं नाही. शेजारच्या आजोबांना पुन्हा रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर धरायचा आहे. त्यांच्या बहिणीला व्यायाम नकोच, संडासपर्यंत एकटीने जाता आलं तरी पुरे म्हणते. तिला तेवढंच द्यावं, पण विचारून. युरोपात अशा रुग्णांनाच विचारून पाहण्या झाल्या आहेत. तिथे चालण्याफिरण्याला सर्वांत वरचं स्थान मिळालं आणि घरची कामं स्वतः करता येण्यालाही लोकांनी मोठं महत्त्व दिलं. आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर रक्तदाब-साखरेखाली ‘रुग्णाला काय करता यायला हवं आहे’ एवढी एक ओळ ठेवायला काय हरकत आहे? तपासायला बिनहाताची खुर्ची आणि घड्याळ पुरतं. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना माझी ही कळकळीची विनंती आहे.

आठ महिने झाले. पाच ऊठबशांना आता 11 सेकंद लागतात. आडाळी माळ्यावरून खाली आली आहे. चटईवरून उठताना अजून एक हात भुईला टेकावा लागतो. पुढच्या गावपळणीसाठी आमच्या ग्रामदैवत रामेश्वराचा कौल होईपर्यंत तोही सुटेल अशा तयारीत आहे.

एक निवृत्त शिक्षिका,
आचरा, ता. मालवण