वास गेला म्हणजे गॅस गेला नाही

भोसरी, पुणे
२१ जुलै

प्रिय मन्या,

गाड्यांचं डिझाईन सोडून गटाराच्या मागे का लागलास, असं तू विचारलं होतंस. फोनवर दोनदा सांगायला गेलो आणि दोन्ही वेळा विषय पोरांच्या शाळेकडे वळला. आज रविवार आहे, बाहेर धो धो पाऊस आहे, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

शहराचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात शिरतं तिथे पहिलं काम गाळणीचं. खोल चॅनेलमध्ये लोखंडी गज उभे असतात, दोन गजांत २० मिलिमीटरची फट, आणि अडकलेला कचरा वर ओढणारा दातेरी पंजा. त्यापुढे ६ मिलिमीटरची बारीक जाळी. पुढचे पंप आणि गाळ पिळणारी मशीनं या गाळणीच्याच भरवशावर चालतात. कॅरीबॅगा, चिंध्या, सॅनिटरी पॅड, गणपतीनंतर निर्माल्य नि नारळाच्या शेंड्या, काय येत नाही विचार! पण सगळ्यात वाईट केस. केस आणि दोरे पाण्यात एकमेकांना पीळ घालतात आणि मनगटाएवढा दोर वळला जातो. तो शाफ्टला बसला की सुरीशिवाय सुटत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी केलेलं गाळणीचं पहिलं डिझाईन साखळीचं होतं. दोन्ही बाजूंना साखळ्या, त्यांवर पंजे, खाली तळाशी पाण्यात बुडालेली दातेरी चाकं आणि ती ज्यांवर फिरतात ती बेअरिंग. कॉम्प्युटरवर सुरेख दिसायचं. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री साईटवरून फोन आला, मोटर ट्रिप होतेय. मी पोचलो तेव्हा प्रवाह दुसऱ्या चॅनेलमधून वळवला होता आणि पन्नाशीचे ऑपरेटर मामा शिडीवरून खाली उतरलेले होते. कमरेला दोरी नाही, गॅस तपासणारं यंत्र ऑफिसच्या कपाटात. हातात दाताळं आणि तोंडात बॅटरी. मी ओरडून त्यांना वर बोलावलं. ते म्हणाले, "साहेब, वास येत नाहीये, काळजी करू नका."

मन्या, अंगावर काटा आला. गटारात साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाईड या विषारी गॅसला सडक्या अंड्यांचा वास असतो, पण प्रमाण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. शिवाय तो हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात तळाशी साठतो. मामा सुखरूप वर आले. हातातला केसांचा बोळा त्यांनी फरशीवर टाकला आणि म्हणाले, "खाली जे फिरतं ते अडकतंच."

गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पण त्या रात्री मामांना खाली उतरवलं ते माझ्या ड्रॉइंगने. तळाशी बेअरिंग ठेवलं तेव्हाच ते साफ करायला कोणीतरी जाणार हे ठरलं होतं, आणि कोण जाणार हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

नंतरचे आठ महिने मी त्यावरच घालवले. आताच्या गाळणीत मोटर बसवलेली गाडी बाजूच्या दातेरी पट्टीवरून वर-खाली करते आणि तिच्या लांब दांडीला पंजा असतो. मोटर, गिअरबॉक्स, बेअरिंग, सगळं कायम पाण्याच्या वर. पाण्यात राहतात फक्त गज आणि पंजा. नारळ अडकला तर पंजा मागे सरकतो, वरून निघून जातो आणि पुढच्या फेरीला पुन्हा येतो. यालाही किंमत आहेच. पंजा एकच असल्यामुळे पुरात साखळीइतका भराभर कचरा निघत नाही, आणि गाडीला वर चढायला छत उंच लागतं. प्रवाहाचंही गणित नव्याने केलं. चॅनेलमध्ये वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या खाली गेला तर वाळू तळाशी बसते. फटींमध्ये तो १ मीटरच्या फार वर गेला तर चिंध्या दाबाने पलीकडे निसटतात.

टेंडरच्या वेळी सगळ्यात कमी दराचा प्रश्न आला. आमचे मॅनेजर म्हणाले, साखळीचंच द्या. मी मामांचा बोळा पिशवीत घालून मीटिंगला नेला होता. तो टेबलावर ठेवला आणि विचारलं, हा काढायला आपल्यापैकी कोण उतरणार? दोन तास वाद झाला. शेवटी छत वाढवायचा खर्च मान्य झाला.

गेल्या मंगळवारी रात्रीच्या पावसात ती गाळणी पहिल्यांदा पूर्ण भरात चालली. मी आणि मामा कठड्याशी उभे होतो. पहाटे तीनच्या सुमारास एक अख्खं पोतं गजांना चिकटलं. पंजा पहिल्या फेरीला मागे सरला, दुसऱ्यालाही सरला, तिसऱ्याला मात्र त्याने ते पोतं ओढत वर आणलं आणि कचऱ्याच्या गाडीत टाकलं. मामांनी चहा मागवला.

तू पॉलिटेक्निकच्या मुलांना मशीन डिझाईन शिकवतोस ना? श्रावणात त्यांना घेऊन ये. ड्रॉइंग दाखवीन, पण आधी मामांशी बोलायला लावीन. वहिनींना नमस्कार. येताना जुने बूट घाल.

तुझा,
राजा