जहाजावरून मुकुंदला पत्र

प्रिय मुकुंद,

सप्रेम नमस्कार. माझी प्रकृती उत्तम आहे, खोकला गेला.

काल रात्री कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या पूर्वेला दाट धुक्यात एक लीचचा स्टॉर्म पेट्रेल, म्हणजे तो चिमुकला समुद्रपक्षी, आमच्या दिव्यांवर आदळून डेकवर पडला. मी त्याला ओंजळीत उचलले तेव्हा तू शेजारी हवा होतास. जेमतेम ४५ ग्रॅमचा जीव, चोचीवर ती नळीसारखी नाकपुडी आणि तुझ्या ओळखीचा तो उग्र, कस्तुरीसारखा वास! माझा स्वेटर आता वर्षभर तुला माझी चाहूल आधीच देईल. खुल्या समुद्रात वासाचा काय उपयोग, असे म्हणून तू माझ्याशी किती भांडला होतास. पण संशोधक गॅब्रिएल नेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली अंटार्क्टिक समुद्रावर दाखवून दिले आहे की क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती खातात तेव्हा सुटणाऱ्या डायमिथाइल सल्फाइड या वायूच्या वासाकडे पेट्रेल ओढले जातात. हा वाद मी जिंकलो, हे तू लेखी कबूल कर.

मात्र त्याच्या पोटावरचा, अंडे उबवण्यासाठी पिसे झडलेला भाग पाहिल्यापासून मला चैन नाही. बहुधा एखाद्या बेटावरच्या बिळात याचा जोडीदार एकुलत्या एका अंड्यावर उपाशी बसलेला असेल. ही जोडपी आळीपाळीने काही दिवस अंडे उबवतात आणि मोकळा झालेला पक्षी अन्नासाठी शेकडो किलोमीटर दूर जातो, हे तुला सांगायला नको. गल पक्ष्यांच्या भीतीने ते किनाऱ्यावर फक्त रात्री येतात, म्हणजे अंधार हेच त्यांचे संरक्षण. आणि त्याच अंधारात जहाजांचे आणि तेलविहिरींचे दिवे त्यांना ओढून घेतात. न्यूफाउंडलंडजवळच्या बॅकॅल्यू बेटावर १९८४ साली सुमारे ३३ लाख जोड्या होत्या, २०१३ साली जवळपास २० लाख उरल्या. सारा दोष दिव्यांचा आहे असे मी म्हणणार नाही, पण तिसाहून अधिक वर्षे जगू शकणारा आणि वर्षाला एकच अंडे घालणारा पक्षी असा पडू लागला, तर ती तूट भरून काढायला पुढच्या कित्येक पिढ्या लागतील.

आम्ही त्याला अंधाऱ्या खोक्यात ठेवले, दिवे मालवले आणि तो सावरल्यावर सोडून दिला. उडताना तो क्षणभर लाटेवर पाय आपटत गेला, अगदी आपण पूर्वी पाहिला होता तसा. कप्तानांनी केबिनचे पडदे रात्री बंद ठेवण्याचे मान्य केले आहे, पण डेकवरचे दिवे कामासाठी लागतातच.

तुझ्या नव्या घराबद्दल अभिनंदन. आईंना माझा नमस्कार सांग. तू जहाजांच्या दिव्यांचे आराखडे करतोस, म्हणून विचारतो: उजेड फक्त खाली, कामाच्या जागेवरच पडेल अशी झाकणे या जुन्या दिव्यांना बसवता येतील का? सोबत दिव्यांची मापे आणि जागा लिहून पाठवत आहे. पुढच्या बंदरात आम्ही थांबणार आहोत. तेवढ्यात तुझे उत्तर आले तर तिथेच काम करून घेता येईल.

तुझा,
अविनाश