बंड्या, खडी नव्हती

लष्कर, ग्वाल्हेर
१ ऑक्टोबर २०२३

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर हे बोलता आलं नसतं. दोनदा नंबर लावला आणि कापला, तुझ्याकडचे ते मिस्ड कॉल तेच. आईचे गुडघे जसेच्या तसे, माझी शुगर जरा वर, बाकी ठीक.

तर मी बुद्ध सर्किटला जाऊन आलो. ग्रेटर नोएडाला, मोटोजीपीची मोटरसायकल शर्यत बघायला, आणि तेही महालक्ष्म्यांच्या दिवसांत! शुक्रवारी २२ तारखेला घरात पूजन, सोळा भाज्या, सवाष्णी, आणि मी पहाटे चारला ओंकारला घेऊन आग्र्याच्या रस्त्याला. तुझी वहिनी तेव्हापासून माझ्याशी ‘पान वाढलंय’ एवढंच बोलते. आई म्हणाली, “पन्नाशी उलटली, अजून फटफटीच का रे?” तिकिटं पोरानं स्वतःच्या ट्यूशनच्या पैशांतून काढलेली, नाही कसं म्हणणार?

शुक्रवारचा सराव मला वाटलं कंटाळवाणा असेल. पण त्या ट्रॅकवर मोटोजीपी पहिल्यांदाच, त्यामुळे जगज्जेता असो की नवखा, सगळे पहिलीच्या वर्गात. कुणी वळणावर बाहेरच फेकला जातोय, कुणी घाबरून आधीच ब्रेक दाबतोय. आणि आमचे चिरंजीव वही काढून कोण कुठे ब्रेक लावतो ते टिपत बसलेले. मान उन्हानं भाजून लाल झाली, त्याला पत्ता नाही. कॉलेजात कधी अशी वही काढली असती तर दोन पेपर बॅक राहिले नसते.

एक हजार सीसीची गाडी, वजन कमीत कमी १५७ किलो. मला तुझी आरएक्स हंड्रेड आठवली. ९८ सीसी, ११ घोडे, आणि सायलेन्सरची जाळी काढल्यावर तेरा झाले असा तुझा दावा! मी तो तेव्हाही मान्य केला नव्हता, आजही करत नाही.

शनिवारी दुपारी स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत. घरी महालक्ष्म्यांचं विसर्जन चाललं असेल त्या सुमाराला हा प्रकार झाला. बेझेकी पोलवर, म्हणजे सगळ्यांत पुढच्या जागेवर. सगळे सुटले, आणि पहिल्याच वळणाला मागून येऊन त्याला धडकला तो त्याचाच जोडीदार, मरीनी. एकाच टीमचे दोघे! माजी जगज्जेत्या रोस्सीच्या टीमचे, त्यात मरीनी तर रोस्सीचा सावत्र भाऊ. बेझेकी कसाबसा सावरला आणि पार मागून चढत पाचवा आला. मरीनीचं कॉलरबोन मोडलं.

मी उभा होतो तो खाली बसलो. ओंकार म्हणाला, “मुद्दाम नाही हो बाबा, ब्रेक लेट लागला. होतं असं.” मग थोड्या वेळानं, स्क्रीनवर ते चौथ्यांदा दाखवत असताना, “बंडूकाकांचं पण कॉलरबोनच ना? खडीवर घसरले ते?”

बंड्या, किल्ल्यावरच्या उरवाईच्या वळणावर खडी नव्हती.

तू तेव्हाच म्हणाला होतास की मागून धक्का बसला. मी म्हटलं खडी. सुऱ्यानं माझी री ओढली, कारण त्याला गाडी माझ्याकडूनच उसनी हवी असायची. चढावर तू पुढे, उतारावर मी, असं ठरलेलंच होतं आपलं. पण त्या दिवशी उतारावरही तू पुढेच राहिलास, आणि मला ते सहन झालं नाही. माझ्या राजदूत फटफटीचे ब्रेक काय लायकीचे होते ते तुला ठाऊक आहे. तरी ब्रेकवर ढकलत नाही. मी दाबलाच उशिरा. माझं पुढचं चाक तुझ्या मागच्या मडगार्डला लागलं, ‘ठक्’ एवढाच आवाज, एखादा डबा ओट्यावर ठेवावा तसा. मग तू भिंतीकडे. डिसेंबरची सकाळ, डोक्यावर हेल्मेट नाही, माकडटोपी! वरून कड्यातले ते तीर्थंकर बघत होते.

फेब्रुवारीत तुझं एअरफोर्सचं मेडिकल होतं. त्याबद्दल मी कधीच काही बोललो नाही. आजही चार ओळी लिहून खोडल्या आहेत, कागदावर दिसतंच असेल.

आणि मी केलं काय, तर ही गोष्ट विनोदी करून सांगत राहिलो. मुंजीत, लग्नात, पंगतीत. माकडटोपी, खडी, तू टांग्यात आडवा पडून “गाडी बघा रे आधी” म्हणतोस, सगळे लोटपोट. ओंकार हीच गोष्ट ऐकून मोठा झाला. लहानपणी झोपताना मागायचा. आता त्याला चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाऊन रेसिंगचं शिक्षण घ्यायचंय. आधी तीन दिवसांचं, मग जमलं तर नॅशनल चॅम्पियनशिपच्या मागे. पैसे मागत नाही. म्हणतो, “तुम्ही फक्त हो म्हणा.” मी म्हटलं पडशील. तो म्हणतो सूटमध्ये एअरबॅग असते, ट्रॅकवर समोरून ट्रॅक्टर येत नाही, तुमच्या किल्ल्याच्या रस्त्यापेक्षा सेफ आहे. काय बोलणार? खरंच आहे. पण त्या एअरबॅगनंतरही मरीनीचं हाड मोडलंच ना? आणि खरं सांगू, माझी भीती तो पडेल ही नाहीच. तो कुणाला पाडेल, आणि मग घरी येऊन खडी म्हणेल, ही आहे. अंगात माझंच रक्त.

रविवारचं थोडक्यात सांगतो. ऊन असं की २४ फेऱ्यांच्या २१ केल्या. बन्याया दुसऱ्या नंबरावरून पडला. मार्टिनच्या सूटची चेन चालत्या गाडीवर उघडली, ती त्यानं चालवताचालवता ओढली, आणि शेवटच्या फेरीत क्वार्तारारोनं मागे टाकलेलं असताना परत पुढे गेला. नंतर तहानेनं कोसळलाच बिचारा. पहिला बेझेकी, आठ सेकंदांहून जास्त आघाडीनं! ज्याला आदल्या दिवशी घरच्याच माणसानं ठोकलं, तो सगळ्यांत वरच्या पायरीवर. पोरगं ओरडून ओरडून घसा बसवून बसलं. मी टाळ्या वाजवल्या, पण माझं लक्ष मरीनीच्या रिकाम्या जागेकडे. प्लास्टर होतं की ऑपरेशन, त्यांच्यात बोलणं झालं असेल का, असलं काहीतरी डोक्यात.

परतताना मथुरेच्या आसपास ओंकारला सांगून टाकणार होतो. तोंड उघडलं आणि म्हटलं, “चहा घेऊ या का?”

तुझं कसं चाललंय? श्रीपेरुंबुदूरचा फ्लॅट घेतलास का शेवटी? मुलीच्या निकालाचं कळलं, अभिनंदन, तिला माझा आशीर्वाद सांग. वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? विचारायलाच हवं होतं मी, राहून गेलं. पावसात खांदा दुखतो का रे अजून?

आता मुद्दा. ओंकारचा तुला पुढच्या रविवारी फोन येईल. ट्रॅक तुझ्यापासून जवळ आहे, तीन दिवस राहू का म्हणून विचारेल. माझ्याकडे बघून हो म्हणू नकोस, माझ्यावर राग म्हणून नाहीही म्हणू नकोस. पण आला, तर त्याला उरवाईचं तू सांग. तुझ्या पद्धतीनं, मेडिकलसकट. माकडटोपी गाळलीस तरी चालेल.

जी.टी. एक्सप्रेसचं तिकीट त्यानं परस्पर काढून ठेवलंय, मला आज कळलं. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुझ्यासाठी बहादुराचे लाडू त्याच्या बॅगेत ठेवायला सांगितलेत तेवढे.

तुझाच,
सुध्या