सुहासला, रेवाच्या जेवणाबद्दल

सोलापूर,
२९ जानेवारी

प्रिय सुहास,

पोचल्याचा फोन आला, बरं वाटलं. तू विचारलंस, "त्या रात्री जेवताना एवढा गप्प का होतास बे?" तेव्हा मी कारखान्यात होतो. मागांच्या खडखडाटात धड ऐकू येत नव्हतं, आणि फोनवर उरकायची ती गोष्टही नव्हती. म्हणून लिहितोय. लांबणार आहे. वहिनींनाही वाचून दाखव.

गड्ड्याच्या जत्रेतून दमून आलो, आईने पानं वाढली. भाकरी, भरलं वांगं, आमटी, शेंगाचटणी. तू आमटीत भाकरी कुस्करलीस, डाव्या हाताने रेवाची हनुवटी धरलीस आणि घास आत सारलास. तिला ओकारी आली, सगळं ताटात. तू म्हणालास, "नुसती नाटकं." वहिनी तिला घेऊन मोरीत गेल्या आणि आपण क्रिकेटवर बोलायला लागलो. मी गप्प होतो, कारण चार वर्षांपूर्वी त्याच जागी, तसाच हात करून मी बसलेलो होतो. समोर माझा ओंकार होता.

तुला हे कधी सांगितलं नाही. लाज वाटायची. चार वर्षांचा होईपर्यंत ओंकार मोजून सात पदार्थ खायचा. मारी बिस्कीट, कोरडा पांढरा भात, चिरमुरे, पापड, शेव, केळीचे वेफर्स आणि दूध. भातावर वरणाचा एक थेंब पडला तरी ताट बाजूला. आधी तो केळं आणि शिरा खायचा, तेही सुटलं. सुटलेलं परत येत नव्हतं, आणि हीच गोष्ट आम्हाला सगळ्यात उशिरा लक्षात आली.

आम्ही काय काय केलं ते ऐक. मोबाईल लावून भरवलं. गच्चीवर नेऊन चिऊ-काऊचे घास केले. भाजी खाल्लीस तर चॉकलेट, असा सौदा केला. आईने मीठ-मोहरी ओवाळून नजर काढली. मी एकदा चापट मारली, हे आजही लिहिताना हात थांबतो. शेवटी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासायच्या आधीच निकाल दिला, "लाड बंद करा. दोन दिवस उपाशी ठेवा, तिसऱ्या दिवशी मुकाट खाईल." आम्ही ठेवला. दीड दिवस पोरगा पाण्यावर राहिला, मग नुसता कोपऱ्यात पडून राहिला. मनीषा रडत उठली आणि बिस्किटाचा पुडा फोडला. साध्या हट्टी मुलाला भूक सरळ करत असेलही. पण ज्याला खाण्याचीच भीती बसलीय तो भुकेनेही खात नाही, हे आम्ही आमच्या पोरावर प्रयोग करून शिकलो.

दुसऱ्या डॉक्टरीणबाई वेगळ्या निघाल्या. त्यांनी आधी जन्मापासूनची वजनं मागितली आणि तक्त्यावर टिंबं मांडली. म्हणाल्या, तीन किलोचं बाळ वर्षात नऊ-दहा किलोचं होतं, पण दोन वर्षांनंतर वर्षाला साधारण दोनच किलो वाढतं. म्हणजे भूक कमी होणारच. शिवाय दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाला नाक मुरडणं हे बहुतेक मुलांत येतं आणि जातं. घाबरायचं कधी, तर ती रेघ खाली वळायला लागली की. ओंकारची रेघ वळायला लागली होती.

मग विचारलं, दूध किती? मनीषा अभिमानाने म्हणाली, "दूध मात्र भरपूर पितो, दिवसाला लिटरभर." बाईंनी पेनच खाली ठेवलं. दुधात लोह जवळपास नसतंच, वर ते दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट अंगी लागू देत नाही. पोट भरतं ते वेगळंच, आणि शीही घट्ट होते. चार-चार दिवस शी न झालेल्या पोराला भूक कुठून लागणार? रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.९. त्या वयात ते निदान ११ तरी हवं. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं, लोहाचं औषध सुरू केलं (दुधासोबत द्यायचं नाही, आणि शी काळी होते, दचकू नका), बद्धकोष्ठावर उपाय केला. महिन्याभरात तो पहिल्यांदा म्हणाला, "आई, भूक लागली." आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. तेव्हा सुहास, पहिलं काम हे कर. रेवाचं दूध मोज, शी विचार, रक्त तपासून घे. बाकीचं नंतर.

भूक लागली तरी तो मागायचा बिस्कीटच. म्हणून बाईंनी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं, म्हणजे खाणं-लेवणं अशी रोजची कामं मुलांना जमवायला शिकवणाऱ्या बाईंकडे. मला वाटलं व्यायाम-बियाम असेल. त्या बाईंनी पहिल्या दिवशी काहीच केलं नाही, आमच्याकडून डबा मागवला आणि अर्धा तास ओंकारला खाताना नुसतं बघितलं. मग मला विचारलं, "या सात पदार्थांत सारखं काय आहे?" मी म्हटलं, काही नाही. "सगळं कोरडं आहे. दूध सोडून." मग समजावलं. बिस्कीट आज-उद्या-परवा तेच असतं, तोच आवाज, तीच चव. आमटीत मात्र आज मोहरी, उद्या कढीपत्ता, एका घासात मऊ, दुसऱ्यात काहीतरी टोचणारं. आपल्याला कळतही नाही, पण काही मुलांच्या तोंडाला हे फार मोठं होऊन लागतं. स्वेटरची लोकर टोचते ना, तसं. ओंकारला शर्टाच्या मागचं लेबलही कापून द्यावं लागायचं, ते मला तेव्हा आठवलं.

आणि एक चूक आमची होती. घास अडकेल या भीतीने आम्ही त्याला दोन वर्षांचा होईपर्यंत सगळं मिक्सरमधून काढून दिलं. चावणं हे बाळ शिकतं, जन्मतः येत नाही. उष्टावणानंतर हळूहळू, आठव्या-नवव्या महिन्यात जिभेला गुठळ्या-कणी भेटायला हव्यात. इंग्लंडातल्या एव्हन भागात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा मोठा अभ्यास आहे. नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा गुठळीचं अन्न मिळालेल्या मुलांत सातव्या वर्षीही खाण्याच्या तक्रारी जास्त आढळल्या. आईला सांगितलं तर म्हणाली, "मी तुला गुरगुट्या भात हाताने मोडून घातला, मिक्सर कुठं होता तेव्हा?" बरोबरच होतं तिचं.

थेरपिस्टबाईंनी आणखी एक फरक शिकवला, तो पाठ करून ठेव. ओकारी येणं आणि घास अडकणं वेगळं. ओकारीत मूल आवाज करतं, जीभ बाहेर येते, तोंड लाल होतं. ती शरीराची राखण आहे. घास अडकला की आवाज बंद होतो, श्वास जात नाही, ओठ निळे पडतात. तिथे धावायचं. म्हणूनच चार वर्षांखालच्या पोराला अख्खा शेंगदाणा द्यायचा नाही, आणि सोलापुरात हे सांगणं म्हणजे मासळीबाजारात मासे खाऊ नका म्हणण्यासारखं आहे. कुटलेली चटणी चालते.

घरी करायचा नियम मात्र एकच मिळाला. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचा आहे. काय, कधी आणि कुठे वाढायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. बास. ताटात त्याचा एक तरी ओळखीचा पदार्थ ठेवायचा, म्हणजे तो उपाशी उठत नाही. बाकीचे आपले. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, मधे पाण्याशिवाय काही नाही. आणि खाण्यावर एक शब्द नाही, शाबासकीसुद्धा नाही. आई म्हणाली, "म्हणजे मी ताट वाढायचं आणि तोंड बंद ठेवायचं?" म्हटलं, हो. "मग मी देवळात जाऊन बसते." पहिला आठवडा ती खरंच संध्याकाळी सिद्धेश्वराला जाऊन बसली.

मलाही पटलं नव्हतं. मग थेरपिस्टबाईंनी क्लारा डेव्हिसची गोष्ट सांगितली. या डॉक्टरीणबाईंनी शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत पंधरा बाळांवर एक प्रयोग केला. बाळासमोर साधे, ताजे पदार्थ मांडायचे. नर्सने चमचा घेऊन गप्प बसायचं, बाळाने दाखवलं तरच भरवायचं. बाळांनी रोज भलतंसलतं निवडलं, पण सगळी धडधाकट वाढली. डेव्हिसबाईंनी स्वतःच पुढे सांगून टाकलं, खुबी पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, मैद्याचं काही नव्हतं. म्हणजे आपलं डोकं काय मांडायचं यात लावायचं, आणि मांडून झालं की गप्प. चॉकलेटच्या सौद्याचंही तेच. लिअॅन बर्च नावाच्या संशोधक बाईंनी वर्षानुवर्षं मुलांचं खाणं अभ्यासलं. बक्षिसासाठी खाल्लेला पदार्थ मुलांना उलट कमी आवडायला लागतो, आणि बक्षीस जास्त.

आता भाकरीचं सांगतो, त्यासाठीच एवढं लिहिलं. बाईंनी सांगितलं होतं की त्याच्या आवडीच्या पदार्थाच्या सगळ्यात जवळचा शेजारी शोधा, एकदम गल्ली बदलू नका. पापडाचा शेजारी कोण? आईनेच उत्तर दिलं, कडक भाकरी. ज्वारीची, पातळ, वाळवून कुरकुरीत केलेली. पहिले पाच-सहा दिवस ती नुसती ताटाशेजारी होती. मग त्याने एकदा बोटाने ढकलली. मग मोडली, कट् आवाज झाला, तर हसला आणि आणखी चार तुकडे केले. खाल्लं काही नाही, आमचं जेवण संपेपर्यंत तो मोडत बसला. मनीषाने मांडीवर माझा हात दाबून धरला होता, मी काही बोलू नये म्हणून. दहाव्या की अकराव्या दिवशी एक तुकडा जिभेला लावून परत ठेवला. आणि एका रविवारी, मी पेपर वाचत असताना, कुर्रम आवाज आला. मी पेपर खाली घेतला नाही. पेपरामागे माझी काय अवस्था होती ते तुला काय सांगू.

पुढे त्या तुकड्यावर तुपाचं बोट, मग चिमूटभर शेंगाचटणी, मग ताज्या भाकरीचा वरचा पापुद्रा, मग खालचा मऊ भाग. पापुद्र्यापासून मऊ भागापर्यंत यायला चार महिने लागले. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो म्हणतात, आपण तीन-चार वेळांत हात टेकतो. ओंकारला काही गोष्टींना तीस वेळा लागल्या. आज तो भाकरी, पिठलं, डाळकांदा, डाळिंब, अंडं खातो. वांगं नाही. आमटी वेगळ्या वाटीत, भाताला लागू न देता. माझी काही हरकत नाही.

रेवाचं ओंकारसारखंच असेल असं मी म्हणत नाही. नुसता वयाचा हट्ट असेल तर सहा महिन्यांत विसरशील. पण यादी वाढायच्या ऐवजी कमी होत असेल, वजन अडलं असेल, गिळताना ठसका लागत असेल, सारखा छातीत कफ होत असेल, किंवा एकदा घास अडकल्यापासून खाणं सुटलं असेल, तर थांबू नकोस. याला आता नावही आहे, आरफिड. मानसोपचाराच्या अमेरिकन पुस्तकात २०१३ मध्ये आलं. बारीक दिसायच्या हौसेशी त्याचा संबंध नाही. काहींना स्पर्श-वासाचा त्रास, काहींना भीती, काहींना भूकच नाही. नाटकं हा शब्द तेवढा काढून टाक. तो माझ्याही तोंडी होता.

आणि एक गोष्ट तू बघितली नाहीस. दुसऱ्या दिवशी मोहोळकडे हुरड्याला गेलो ना, तू आगटीपाशी तिच्यासाठी वाटीत हुरडा-गूळ कालवत होतास. तेव्हा रेवा माझ्या आईशेजारी बसली होती. आईने गरम कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून फोल उडवलं. रेवाने हात पुढे केला. आईने तिच्या तळव्यावर चार दाणे टाकले. तिने ते चोळले, नाकाशी नेले, एक ओठाला लावला. मग तू चमचा घेऊन आलास आणि तिने मूठ झाडली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

तर आमच्या शेजारचे काका परवा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला येतायत. त्यांच्याकडे कडक भाकरीची दोन पाकिटं आणि चटणी देतोय. रेवाला खा म्हणू नकोस. ताट तिच्यासमोर सरकवूही नकोस. मधे ठेव, तू एक मोड, वहिनी एक मोडतील, आणि दुसरं काहीतरी बोलत बसा.

आई म्हणते, भाकऱ्या प्रवासात मोडतील. मोडू देत म्हटलं, मोडायलाच पाठवतोय.

तुझा,
विन्या