त्या दिवशीचं पाणी

नाशिकरोड, रविवार रात्र

प्रिय चिऊ,

गेल्या आठवड्यात मी फोन आपटला त्याबद्दल आधी सॉरी. तू एवढंच विचारलं होतंस की पप्पा, आजीने माझ्या डोक्यावर पाणी ओतलं होतं की नुसता ओला कापूस फिरवला होता, आणि मी एकदम "माझ्या आईने दिलेला बाप्तिस्मा आता तुम्हा लोकांना खोटा वाटायला लागला का" असं काहीतरी बोललो. मम्मी तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीये. फोनवर मला नीट बोलता येत नाही तुला माहितीये, म्हणून टाइप करतोय, शुद्धलेखनाचं सांभाळून घे.

तू कॅथलिक झालीस याचा राग नाही असं मी सगळ्यांना सांगतो, पण थोडा होता. ईस्टरच्या आदल्या रात्री पुण्याला आलो तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो, मेणबत्तीचं मेण बोटावर सांडत होतं आणि माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. तुझ्यासोबतच्या तिघांच्या डोक्यावर फादरांनी पाणी ओतलं आणि तुझी पाळी आली तेव्हा ओतलं नाही, तुझ्याकडून फक्त विश्वासाची कबुली घेतली आणि नंतर दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा पुढचा संस्कार. खरं सांगू, त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं. म्हटलं चला, आईचं पाणी यांनी मान्य केलं. म्हणून तुझा प्रश्न जास्त लागला. आत्याला पण काय गरज होती साखरपुड्यात कापसाची गोष्ट रंगवून सांगायची, पण जाऊदे, तिचा स्वभावच तसा.

आता मला जे आठवतंय ते सांगतो.

1997 चा जुलै. तू सातव्या महिन्यात झालीस, अकराशे ग्रॅम, काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकात नळी. डॉक्टर म्हणाले रात्र निघाली तर बघू. पाळकसाहेब संगमनेरला गेले होते, तेव्हा कुठे मोबाईल होते. मी निरोप पाठवायच्या धावपळीत होतो तर आजी म्हणाली, कुणाची वाट बघायची नाही, मी देते. ती मिशन हॉस्पिटलात नर्स होती, अशा पोरांना तिने आधीही बाप्तिस्मा दिलेला होता, तिला ते काही नवीन नव्हतं. घरून स्टीलची वाटी आणलेली, उकळून गार केलेलं पाणी, आणि कापूस. कापूस कारण ड्युटीवरच्या सिस्टरने आधीच सांगितलं होतं की पेटीत पाणी ओतायचं नाही, बाळ गारठेल. आत एकालाच सोडत होते. मी दाराच्या काचेतून बघत होतो. आजीने पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि तीनदा तुझ्या कपाळावर, टाळूच्या जरा पुढे, कापूस नेला. ओठ हलताना दिसले, आवाज काही आला नाही. बाहेर आल्यावर जिन्यात म्हणाली, झालं रे, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, तिन्ही वेळेला पाणी.

म्हणजे शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेले नाहीत, आजीच्या तोंडून नंतर ऐकलेत. पण शब्दांबद्दल मला काडीचीही शंका नाही, ती बाई प्रार्थनेत एक अक्षर इकडचं तिकडे करायची नाही आणि दुसऱ्याने केलं तर जागेवर टोकायची, तुला आठवत असेलच.

प्रश्न पाण्याचा आहे. तिने कापूस पिळला का, पाणी वाहिलं का, की नुसती ओल लागली?

गुरुवारी मी इथल्या फादरांना भेटलो. मी शरणपूरचा सीएनआयवाला, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा प्रॉटेस्टंट, बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत आपण सगळे जायचो तेवढीच त्यांच्याशी ओळख (आजी पण यायची, मेणबत्ती लावायची नाही पण भेळ खायची). मी जरा तावातच विचारलं की नर्सने दिलेला बाप्तिस्मा तुम्ही मानता का. ते हसले. म्हणाले बाई, नर्स, प्रॉटेस्टंट, यातली एकही अडचण नाही. फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने 1439 मध्येच लिहून ठेवलंय की वेळ आली तर सामान्य माणूस, बाई, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूसही बाप्तिस्मा देऊ शकतो, चर्च जे करतं ते करायचा हेतू मात्र हवा. मग त्यांनी अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या एका तरुण धर्मगुरूचं सांगितलं. त्याने 2020 मध्ये स्वतःच्या लहानपणीच्या बाप्तिस्म्याचा घरचा व्हिडिओ बघितला तर त्यात डिकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा सेवक) "मी तुला" ऐवजी "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" म्हणतोय, आणि रोमने नुकतंच उत्तर दिलं होतं की असा बाप्तिस्मा झालेलाच नाही. बाप्तिस्माच नाही म्हणजे तो धर्मगुरू पण नव्हता! बिचाऱ्याला बाप्तिस्म्यापासून सगळं परत घ्यावं लागलं. मी नोटांच्या प्रेसमध्ये तीस वर्षं तपासणीत काढली, मला हे लगेच कळलं. नोट मळली, फाटली, कुणाच्याही खिशातून आली तरी बँक घेते, पण छपाईतच चूक असेल तर ती कितीही कोरी करकरीत असो, आम्ही बाहेर जाऊ द्यायचो नाही.

पाण्याबद्दल मात्र ते थांबले. म्हणाले पाणी किती हा प्रश्नच नाही, आपण पावसाळ्यात गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पूर मोजतो, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, तसं इथे मोजायचं नसतं, वाटीभर काय चमचाभर पण चालतं, फक्त ते वाहायला हवं कारण बाप्तिस्मा म्हणजे धुणं. पाणी कातडीवरून सरकलं तर झालं, नुसतं बोट ओलं करून लावलं तर शंका राहते. तुझ्याकडे सीएनआयचं सर्टिफिकेट होतं म्हणून पुण्याच्या फादरांनी पुढे विचारलं नाही, त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना कापसाचं कुणी सांगितलंच नव्हतं.

तू म्हणत होतीस ना की मनाच्या शांतीसाठी परत करून घेऊ का. तसं होत नाही म्हणाले. बाप्तिस्मा एकदाच. कॅथलिक कायद्यात, 1983 च्या संहितेत 869 वं कलम आहे, आधी नीट चौकशी करायची, आणि चौकशीनंतरही खरोखरची शंका उरली तरच सशर्त द्यायचा, म्हणजे "तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर मी तुला बाप्तिस्मा देतो" असं म्हणून. तो गाजावाजा न करता देतात. आणि तसं ठरलं तर दृढीकरणाचंही बघावं लागेल, ते तुझे फादर सांगतील.

त्या "नसेल तर" शब्दांनी मी घरी येईपर्यंत धुमसत होतो. माझ्या आईच्या कामावर "नसेल तर". मग रात्री झोप येईना म्हणून तिची ट्रंक काढली, सर्टिफिकेटची कॉपी शोधायला. तिचं जुनं प्रार्थनेचं पुस्तक हाताला लागलं, इंग्लंडच्या मंडळीच्या 1662 च्या पुस्तकाचं मराठी. त्यात घरी घाईत दिलेल्या बाप्तिस्म्याचा वेगळा भाग आहे. बाळ वाचलं तर त्याला चर्चमध्ये आणायचं आणि पाळकाने विचारायचं, कुणी दिला, कशाने दिला, कोणत्या शब्दांनी दिला. आणि उत्तरांनी खात्री झाली नाही तर त्याच पुस्तकात वाक्य छापलंय, तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल तर. चिऊ, आमच्याच पुस्तकात! आजीच्या पुस्तकात, तिच्या हाताने पेन्सिलीची रेघ मारलेल्या पानावर. ती आयुष्यभर हा नियम जाणून होती आणि मी तिच्या नावाने भांडत बसलो होतो.

तू सहा महिन्यांची झालीस तेव्हा तुला शरणपूरच्या चर्चमध्ये नेलं होतं. पाळकसाहेबांनी हे तिन्ही प्रश्न विचारले, मी शेजारीच उभा होतो. कशाने? आजी म्हणाली, पाण्याने. कापसाचं कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. लपवलं असं मला वाटत नाही, नर्सला कापूस ही काही सांगायची गोष्ट वाटलीच नसणार.

आता एक शेवटची गोष्ट, जी मी फोनवर सांगितली नाही. गुरुवारपासून मला आठवतंय की आजी बाहेर येताना सिस्टर तिच्यावर खेकसली होती, आजी चादर ओली केलीत, आता बदलावी लागेल. चादर ओली म्हणजे पाणी वाहिलं, विषयच संपला. मी इतका खूश झालो की लगेच तुला फोन लावणार होतो. पण मग वाटायला लागलं की सत्तावीस वर्षांत मला हे एकदाही कसं आठवलं नाही, फादरांनी "वाहायला हवं" म्हटल्यावरच बरोब्बर कसं आठवलं? मी मम्मीला विचारलं, तिला तेव्हा वॉर्डातून उठू देत नव्हते, तिला काहीच माहीत नाही. ती सिस्टर कोण होती, आता कुठे असेल, देव जाणे. मी रोज रात्री डोळे मिटून ती चादर बघतो, कधी ओली दिसते, कधी कोरडी.

फादर म्हणाले एका विश्वासू साक्षीदाराचा शब्दसुद्धा पुरतो. म्हणजे मी "पाहिलं" असं लिहिलं तर बहुतेक तिथेच मिटेल आणि तू शांत झोपशील. लिहायला बसलो, दोनदा पान फाडलं.

सोबत सही केलेल्या कागदाचा फोटो पाठवतोय, मूळ कागद कुरिअर करतो, तो आहे तसा तुझ्या फादरांना दे, आत्याची गोष्ट पण सांग, काही वगळू नकोस. ते जे ठरवतील ते मला चालेल, आणि पाणी घालायचं ठरलं तर तारीख कळव, मी आणि मम्मी सकाळच्या गाडीने येऊ. आजीची वाटी अजून आहे, मम्मी त्यात चटणी काढते. हवी असेल तर घासून आणतो.

कागदात वाटी, कापूस, तीन वेळा, जिन्यातलं बोलणं, सगळं "मी पाहिलं", "मला सांगितलं" असं लिहिलंय. चादरीच्या ओळीत मात्र "मला वाटतं" लिहिलंय.

पप्पा