मदत घेणाऱ्याचा चेहरा छापू नका

मा. संपादक,
सादर नमस्कार.

मदतवाटपाची छायाचित्रे आपल्या दैनिकात नेहमी येतात. मध्यभागी धनादेश किंवा धान्याची पिशवी, एका बाजूला देणगीदार आणि पदाधिकारी, दुसऱ्या बाजूला एखादे कुटुंब. घरात मुले असतील तर तीही पुढे उभी केलेली. बातमी चांगल्या हेतूने छापली जाते याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही ही छायाचित्रे छापणे बंद करावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. अडचणीतल्या कुटुंबांना हात देणाऱ्या एका छोट्या स्थानिक संस्थेत मी गृहभेटींचे काम करते. आपल्या पानावरच्या त्या चौकटीचा परिणाम आम्हाला घरोघरी जाणवतो.

आमच्याकडे येणारे बहुतेक लोक फार उशिरा येतात. कमावता माणूस आजारी पडतो किंवा त्याचे काम सुटते. सुरुवातीला साठवलेल्या पैशांवर निभावते. मग नातेवाइकांकडे उसनवारी, दुकानात उधारी, दागिना गहाण. त्यानंतर सावकार. शेवटी घरातली अशी वस्तू विकली जाते जिच्यावर घर चालत होते: शिलाई मशीन, दुचाकी, सुताराची हत्यारे. मोठ्या मुलीची शाळा थांबते. एवढे सगळे झाल्यावर कोणीतरी शेजारीण आग्रह करते आणि मग ती बाई आमच्या दारात येते, तीही तिन्हीसांजेनंतर, कोणी पाहू नये म्हणून. सुरुवातीलाच आली असती तर एका महिन्याच्या घरभाड्यात प्रश्न मिटला असता. आता कर्ज आहे, व्याज आहे आणि कमाईचे साधनही गेले आहे.

'का नाही आलात आधी?' असे विचारले की उत्तर जवळजवळ एकच मिळते. चारचौघांत नाव होईल, फोटो निघेल, मुलांना शाळेत बोलतील. एका आईने सांगितले होते की दुसरीकडे मिळालेल्या वह्यापुस्तकांच्या कार्यक्रमाचे छायाचित्र वर्गातल्या मुलांनी ओळखले आणि तिचा मुलगा कितीतरी दिवस शाळेत जायला तयार होईना. पुस्तके मुलगा शिकावा म्हणून दिली होती!

गरिबीत लोक कसे लोटले जातात, याचा अनिरुद्ध कृष्ण या अभ्यासकाने भारत, केनिया, युगांडा, पेरू आणि अमेरिकेतील काही भागांत मिळून ३५ हजारांहून अधिक कुटुंबांशी बोलून मागोवा घेतला. एकीकडे काही घरे गरिबीतून वर येत असतात, तेव्हाच दुसरीकडे बरी चाललेली घरे खाली जात असतात, हे त्यातून दिसले. खाली जाण्याच्या कारणांत आजारपण आणि त्यावरचा खर्च ठळकपणे पुढे आला. आम्ही गृहभेटींत पाहतो तेही असेच आहे. ही माणसे आळशी नसतात, उधळी नसतात. त्यांचे गणित कालपरवापर्यंत जमत होते. एका धक्क्याने ते विस्कटले, आणि धक्का बसल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत कोणी सावरले तर ते घर पुन्हा उभे राहते.

या पहिल्या आठवड्यांत सर्वांत उपयोगी पडते ती जवळची, छोटी संस्था. मोठ्या योजनांचा आवाका मोठा असतो आणि त्या हव्यातच. पण कागदपत्रे, छाननी, मंजुरी यांत जो वेळ जातो तो या कुटुंबाकडे नसतो. आमच्यासारख्या संस्थेची कार्यकर्ती आज घरी जाते, परिस्थिती पाहते, दोन माणसांशी बोलते आणि उद्या घरमालकाच्या खात्यात भाडे जमा होते. शाळेची फी थेट शाळेत भरली जाते. विकायला काढलेले मशीन थांबवता येते. गहाण पडलेली हत्यारे सोडवायला फिरत्या निधीतून बिनव्याजी रक्कम मिळते. ती जमेल तशी परत आली की पुढच्या घराला जाते. कितीतरी वेळा पैसेही लागत नाहीत. रुग्णालयाच्या बिलात सवलत कोणाकडे मागायची, कोणता अर्ज कुठे द्यायचा, घरमालकाशी मुदतीचे कसे बोलायचे, एवढ्यासाठी सोबत कोणी असले तरी पुरते.

ही सोबत फार मोलाची आहे. तंगीत माणसाचे डोके चालेनासे होते, हे अनुभवाने सगळ्यांना माहीत आहे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांची पाहणी होती. त्याच शेतकऱ्यांना ऊस जाण्याआधी, हाती पैसा नसताना, आणि नंतर पैसे आल्यावर सारख्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या, तेव्हा तंगीच्या काळात त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली दिसली. माणूस तोच, फक्त डोक्यावरचा भार वेगळा. अशा वेळी कोणाच्या हातात दहा पानांचा अर्ज देऊन 'भरून आणा' म्हणणे हे क्रूर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजारी बसून अर्ज भरून द्यायला हवा.

हे काही नवे नाही. जर्मनीतल्या एल्बरफेल्ड शहराने १८५३ मध्ये गरिबांच्या मदतीची अशी व्यवस्था उभारली होती की शहराचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भाग त्याच वस्तीतल्या एका स्वयंसेवकाकडे दिला जाई. एका स्वयंसेवकाकडे चारपेक्षा जास्त कुटुंबे द्यायची नाहीत, असा दंडक होता. पुढे इतर अनेक जर्मन शहरांनी ही पद्धत उचलली. तिच्यात कडकपणाही बराच होता, तो आज चालणार नाही. पण चार कुटुंबांची मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. चार घरे माणूस खरोखर ओळखू शकतो. कोणाकडे म्हातारी आई अंथरुणाला आहे, कोणाचा मुलगा परीक्षेला बसणार आहे, कोणाकडे मदतीपेक्षा कामाची ओळख हवी आहे, हे त्याला विचारावे लागत नाही. चारशे नावांची यादी घेऊन एका सकाळी मांडवात वाटप केले तर यातले काहीच कळत नाही. छायाचित्र मात्र उत्तम येते.

देणगीदारांची बाजूही मी ऐकलेली आहे. पैसे खरोखर पोचले की नाही हे कळायला हवे, असे ते म्हणतात. मागणी अगदी रास्त आहे. परंतु छायाचित्राने ते कळत नाही. पिशवी देतानाचा एक क्षण त्यात दिसतो, पुढच्या महिन्यात त्या घराचे काय झाले ते दिसत नाही. देणगीदाराने संस्थेकडे लेखापरीक्षण झालेले हिशेब मागावेत. वर्षभरात किती कुटुंबांना घरभाड्यासाठी मदत झाली, किती मुले शाळेत टिकली, फिरत्या निधीतले किती पैसे परत आले, हे नावे न घेता विचारावे. चांगली संस्था हे आनंदाने सांगेल. जी टाळाटाळ करील तिच्याकडे छायाचित्रांचा कितीही मोठा गठ्ठा असला तरी पैसे देऊ नयेत.

दुसरी शंका रोख रकमेविषयी असते. 'हातात पैसे दिले तर दारूत जातील' हे वाक्य मी इतक्या सुशिक्षित तोंडांतून ऐकले आहे की आता त्याचा मनापासून राग येतो. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतील १९ अभ्यास एकत्र तपासले. रोख मदत मिळाल्याने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, याला त्यांना आधार मिळाला नाही. आपल्या घरात काय कमी आहे हे त्या घरच्या बाईला आपल्यापेक्षा चांगले कळते. औषध संपले असताना दारात तिसरी ब्लँकेट आली तर तिने काय करावे?

बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या होत्या. सर्वांत वरची पायरी म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला पुन्हा हात पसरावा लागू नये असे करणे. तिच्या लगेच खाली येते ते दान, ज्यात देणाऱ्याला घेणारा माहीत नसतो आणि घेणाऱ्याला देणारा. चेहरा झाकण्याचा हा विचार इतका जुना आहे.

संपादक महोदय, आपल्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. मदत घेणाऱ्यांची, विशेषतः लहान मुलांची, ओळख पटेल अशी छायाचित्रे छापू नयेत. त्यांनी संमती दिली असली तरीही, कारण हातात पिशवी येण्याची वाट पाहणाऱ्याची संमती कितपत मोकळी असते? देणाऱ्यांची छायाचित्रे खुशाल छापा, त्यांचे कौतुक व्हायलाच हवे, त्याने आणखी चार जण पुढे येतात. आणि त्या चौकटीत वाचलेल्या जागेत आठवड्यातून एकदा आपल्या परिसरातील मदत संस्थांची माहिती द्या: संपर्क कुठे साधायचा, कोणत्या वेळी, कोणत्या प्रकारची मदत मिळते, आणि येणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते की नाही. हा शेवटचा तपशील ठळक अक्षरांत असावा. आज ज्या घरात पहिल्यांदाच भाडे थकले आहे तिथेही आपला अंक येत असेल, आणि मशीन विकण्याआधी त्यांनी ती चौकट वाचावी असे मला वाटते.

आपली नम्र,
एक वाचक व सामाजिक कार्यकर्ती