आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे मोजण्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातील कर्णबधिर बालकांच्या पालकांनी एकत्र येऊन चालवलेल्या मंडळाच्या वतीने आम्ही हे आवाहन करीत आहोत. आमची मागणी एकाच कामासाठी आहे. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवायचे, श्रवणाच्या नसेला थेट विद्युत संकेत देणारे यंत्र) बसवल्यानंतर लहान मुलाच्या मेंदूपर्यंत आवाज खरोखर पोहोचतो आहे का, आणि मेंदूतला श्रवणमार्ग वयाच्या मानाने घडतो आहे का, हे मोजण्याची सोय आम्हाला आपल्याच जिल्ह्यात उभी करायची आहे.

यंत्र कानाला लागले की मूल ऐकू लागले, अशी आमच्यापैकी बहुतेकांची समजूत होती. जायकवाडीच्या उजव्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना माहीत आहे, की धरणाचे दार उघडले म्हणजे टेलच्या, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतात पाणी आले असे होत नाही. ऐकण्याचेही तसेच आहे. आवाज कानाच्या आतल्या भागात विद्युत संकेतात बदलतो, श्रवणाच्या नसेतून मेंदूच्या बुंध्याशी जातो आणि तिथून टप्प्याटप्प्याने मेंदूच्या श्रवणकेंद्रात पोहोचतो. जन्मलेल्या बाळाची ओएई नावाची जी श्रवणतपासणी होते ती फक्त कानाच्या आतल्या पेशींची खबर देते. बेरा ही दुसरी तपासणी त्यापुढे, मेंदूच्या बुंध्यापर्यंत जाते आणि आवाज झाल्यापासूनचे पहिले दहा मिलिसेकंद पाहते. या दोन्ही तपासण्या अत्यंत आवश्यक आहेत, परंतु टेलचे शेत त्यांना दिसत नाही.

ते पाहण्यासाठी मेंदूच्या श्रवणकेंद्रातून उठणारी एक लहर मोजली जाते, तिला तज्ज्ञ 'पी-वन' म्हणतात. आवाज झाल्यानंतर ती किती वेळाने उठते, यावरून श्रवणमार्ग किती तयार झाला आहे हे कळते. नुकत्याच जन्मलेल्या, ऐकू येणाऱ्या बाळात तिला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात. मूल ऐकत जाते तसा मार्ग पक्का होत जातो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत हा वेळ साधारण १२५ मिलिसेकंदांवर येतो. प्रौढ माणसात तो ६० च्या आसपास असतो. ज्या मुलापर्यंत आवाज पोहोचतच नाही, त्याच्या मेंदूत हा वेळ वयाप्रमाणे कमी होत नाही. वय वाढते आणि मार्ग मात्र तान्ह्या बाळाचाच राहतो.

या तपासणीत मुलाला कोणताही त्रास होत नाही, हे आम्ही पालकांना आवर्जून सांगतो. बेरासाठी मुलाला झोपवावे लागते आणि त्यासाठी पुष्कळदा औषध पाजावे लागते, इथे मात्र मूल जागेच असावे लागते. ते आईच्या मांडीवर बसते, समोरच्या पडद्यावर आवाज बंद केलेले कार्टून चालू असते. टाळूवर आणि कानामागे त्वचा पुसून, जेल लावून बारीक तारांच्या चकत्या चिकटवतात. बाजूच्या स्पीकरमधून 'बा' असा एकच आवाज थोड्या थोड्या अंतराने येत राहतो, शेकडो वेळा. मेंदूची प्रत्येक लहर व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाएवढी क्षीण असते, म्हणून त्या सगळ्या नोंदींची सरासरी काढावी लागते. सुरुवातीला संगणकावर नुसती वाकडीतिकडी रेष दिसते; आवाज वाढत जातात तशी तिच्यातून हळूहळू एक उंचवटा वर येतो. आमच्या एका सदस्य आईने मुंबईत, मुलीचे यंत्र पुन्हा जुळवल्यानंतर, तिची ही तपासणी पाहिली. ती सांगते, की त्या दिवशी मुलगी कार्टूनमधून मान वळवून एकदाही स्पीकरकडे पाहत नव्हती, पण रेषेने सांगितले की आवाज आत पोहोचतो आहे.

काळाचे महत्त्व यात फार मोठे आहे. अमेरिकेतील श्रवण-संशोधक डॉ. अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जन्मतः कर्णबधिर असलेल्या आणि कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या १०४ मुलांमध्ये ही लहर मोजली होती. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांत ती सहा महिन्यांत वयानुरूप झाली. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांत तसे झाले नाही. मधल्या वयात काहींना लाभ झाला, काहींना झाला नाही. आवाजाविना राहिलेले श्रवणकेंद्र रिकामे बसत नाही. डोळ्यांकडून आणि स्पर्शाकडून येणारे संकेत त्या जागेचा वापर करू लागतात. म्हणून दीड वर्षाच्या मुलाबाबत 'अजून सहा महिने वाट पाहू' असे कोणी म्हणते, तेव्हा आमच्या काळजाचा ठोका चुकतो.

आमच्या जिल्ह्यात हे सहा महिने फार सहज निघून जातात. एक तर बहिरेपणा लक्षातच उशिरा येतो, कारण 'याचा बापही उशिरा बोलला होता' हे वाक्य घराघरात तयार असते. मग यंत्र मिळते. दिव्यांगांना सहायक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून आणि बालकांच्या आरोग्य तपासणी कार्यक्रमातून अनेक कुटुंबांना मोठा आधार मिळाला आहे, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. त्यानंतर दिवाळी येते, आणि ऊसतोडीसाठी आगाऊ उचल घेतलेले आईबाप कोयता घेऊन टोळीबरोबर साखर कारखान्याच्या गावी निघून जातात. पुढचे पाच-सहा महिने मूल पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत असते. तान्ह्या मुलाचा कान वाढतो तसा यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो आणि यंत्र सतत शिट्टी मारू लागते. फडात तो बदलून देणारे कोणी नसते. आई यंत्र काढून पत्र्याच्या पेटीत ठेवते, हरवू नये म्हणून. यात तिचा दोष नाही.

वर उल्लेख केलेल्या मुलीला चौदाव्या महिन्यात यंत्र लागले होते. टाळी वाजवली की ती वळते, एवढ्यावर एका दवाखान्यात 'छान चालले आहे' असे सांगितले गेले आणि पुढे जवळजवळ वर्षभर कोणी काही मोजले नाही. प्रत्यक्षात तिला टाळीचा आवाज मिळत होता, बोलण्याचा मिळत नव्हता. यंत्र पुन्हा जुळवले गेले तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती, आणि त्यासाठी आईबापाला चारशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून मुंबई गाठावी लागली. आज ती 'आत्या' म्हणते. ते वर्ष मात्र तिला परत मिळणार नाही.

या तपासणीकडून भलत्या अपेक्षा कोणी ठेवू नयेत, हेही स्पष्ट केले पाहिजे. लहर वेळेवर आली म्हणजे मूल आपोआप बोलू लागेल असे नाही. त्यासाठी रोजची वाचोपचाराची मेहनत आणि घरातले बोलणे लागतेच. एखाद्या वेळी मूल चुळबुळ करीत असल्याने लहर दिसत नाही, मग पुन्हा बोलवावे लागते. निष्कर्ष श्रवणतज्ज्ञच काढतील, पालक किंवा मंडळ नव्हे. ज्या मुलाला यंत्र आणि इम्प्लांट या दोहोंचाही उपयोग होत नाही असे दिसेल, त्याच्या आईबापाला ते लवकर कळणे हाही आम्ही लाभच मानतो, कारण सांकेतिक भाषा लहान वयातच सुरू झाली तर मुलाला भाषेविना राहावे लागत नाही. मुलाला भाषा वेळेत मिळावी, ती कानाने मिळो वा हातांनी, ही मंडळाची भूमिका आहे.

आता प्रत्यक्ष गरज सांगतो. पहिली गरज म्हणजे मेंदूच्या या लहरी मोजणारे यंत्र, स्पीकर आणि संगणक यांसह. विक्रेत्यांची दरपत्रके मंडळाच्या कार्यालयात ठेवली असून ती कोणीही पाहू शकेल. दुसरी गरज शांत खोलीची आहे. मुख्य रस्त्यापासून आत, वर पंख्याची घरघर नसलेली, भिंतींना आवाज शोषणारे अस्तर लावता येईल अशी एक खोली कोणी भाड्याने किंवा विनामूल्य दिली तर फार मोठे काम होईल. त्या खोलीचे अर्थिंग नव्याने करून घ्यावे लागेल, कारण अर्थिंग खराब असेल तर घरातल्या विजेची गुणगुण मेंदूच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठी होऊन नोंदीत शिरते. जिल्ह्यातील जाणकार वायरमन बांधवांनी हे काम अंगावर घ्यावे, ही विनंती. श्रवणतज्ज्ञांनी महिन्यातले दोन दिवस दिले तरी काम सुरू होऊ शकेल. त्यांच्या प्रवासाची आणि मानधनाची व्यवस्था देणगीतूनच करावी लागेल.

मोजून झाल्यावर करायचे काय, हा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. म्हणूनच जमा रकमेचा एक भाग कानाचे साचे, बॅटऱ्या, इम्प्लांटच्या तुटलेल्या वायरी आणि यंत्रातला ओलावा शोषणाऱ्या डब्या यांसाठी वेगळा ठेवण्याचा ठराव मंडळाने केला आहे. ज्यांना मोठी रक्कम देणे शक्य नाही त्यांनी एका मुलाच्या साच्याचा खर्च उचलला, तरी ते यंत्र पेटीतून कानावर येईल. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांमुळे जे पालक येऊ शकत नाहीत, त्यांना त्या दिवसाचा खर्च देण्याचाही विचार आहे.

साखर कारखाने आणि मुकादम बंधूंना आमची स्वतंत्र विनंती आहे. आपल्या टोळीत असे मूल असल्यास हंगामात त्याच्या आईला तपासणीसाठी दोन दिवस मोकळे करावे आणि त्या दिवसांचा खाडा धरू नये. यासाठी पैसे लागत नाहीत, पण आमच्या दृष्टीने ही मदत देणगीइतकीच मोलाची आहे.

देणगी मंडळाच्या कार्यालयात समक्ष किंवा मंडळाच्या बँक खात्यात धनादेशाने स्वीकारली जाईल, प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी कार्यालयाच्या फलकावर लावला जाईल. कोणत्याही मुलाचे नाव, छायाचित्र किंवा तपासणीचा अहवाल देणगीदारांना दाखवला जाणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

टोळ्या दिवाळीनंतर निघतील. त्याआधी मंडळाकडे नोंद असलेल्या तीन वर्षांखालील प्रत्येक मुलाची पहिली मोजणी व्हावी आणि टोळ्या उन्हाळ्यात परतल्या की दुसरी, असे आम्ही ठरवले आहे. त्यामुळे मोजणीच्या यंत्रासाठीची रक्कम गणपतीपर्यंत जमा होणे आवश्यक आहे.

आपले नम्र,
कर्णबधिर बालकांच्या पालक मंडळाचे सर्व सदस्य, जिल्हा बीड